खाणीच्या दारी कारखाना

लहान वस्तू मोडली तर ती कारागिराकडे न्यावी आणि मोठी वस्तू मोडली तर कारागिराला तिच्याकडे आणावे, हा व्यवहार फार जुना आहे. घड्याळ घड्याळजीच्या दुकानी जाते. परंतु विहिरीवरचा रहाट दुरुस्त करावयाचा तर सुतारालाच विहिरीवर यावे लागते. सुताराची हत्यारे खांद्यावरच्या पिशवीत मावतात, म्हणून तेथे अडचण पडत नाही. पण ज्या दुरुस्तीला लोखंड कातणारे यंत्र लागते आणि जिच्यात केसाच्या जाडीइतकीही चूक खपत नाही, ती दुरुस्ती उघड्या माळावर, धुळीत व उन्हात कशी व्हावयाची? दगडखाणींच्या मुलुखात हा प्रश्न रोजचा आहे.

ठाणे जिल्ह्यातील वाशिंद हे अशाच मुलुखातले गाव. मुंबईचा लोहमार्ग कल्याणहून वाशिंदपर्यंत १८५५ साली आला आणि काही वर्षे तेथेच थबकला. पुढे १८६१ साली तो कसाऱ्यास पोहोचला आणि १८६५ साली थळघाट चढून इगतपुरीस गेला. शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांची भूमी काळ्या कातळाची आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातील तप्त रस थरावर थर पसरून थिजला, त्याचाच हा बेसाल्ट. रुळांखालची खडी असो, घरांचा पाया असो की रस्त्याचा थर असो, सर्वांना हाच दगड लागतो. ७०१ किलोमीटर लांबीच्या मुंबई–नागपूर समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा २०२५ साली खुला झाला. तोही शहापूर तालुक्यातूनच जातो. अशा प्रत्येक कामामागे कोठे तरी एखादी खाण असते, आणि त्या खाणीत कातळाशी झुंजणारे एक अवजड यंत्र असते.

या यंत्राला गावोगावी ‘पोकलेन’ म्हणतात. पोकलेन हे वस्तुतः एका फ्रेंच कंपनीचे नाव. पण मराठी माणसाने ते सामान्यनाम करून टाकले आहे. या यंत्राची रचना माणसाच्या हातासारखी असते. खांद्यापासून कोपरापर्यंतचा भाग म्हणजे बूम, कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग म्हणजे आर्म आणि पंजाच्या ठिकाणी बकेट. माणसाच्या सांध्यात जशी कूर्चा, तसा या यंत्राच्या सांध्यात बुश. पोलादाची जाड पिन दोन कानांतून आरपार जाते, तिच्याभोवती बुश बसते आणि दोहोंच्या मधून ग्रीस फिरते. वीस टनांच्या यंत्राची बकेटची पिन सुमारे आठ सेंटिमीटर व्यासाची असते.

खाणीतल्या यंत्राला दगडापेक्षा दगडाची धूळ अधिक घातक ठरते. ती ग्रीसमध्ये मिसळली म्हणजे वंगणाचे रूपांतर घासणाऱ्या लुकणात होते. वेळेवर नवे ग्रीस भरले तर ही घाण बाहेर ढकलली जाते. आळस झाला तर आधी बुश झिजते, मग ती आपल्या जागी फिरू लागते आणि शेवटी ज्या कानात ती बसविलेली असते तो कानच झिजतो. बुश बाजारात मिळते. पण कान हा बूमचाच अवयव, तो कोठून आणावयाचा? आणि ही झीज चोहीकडे सारखी होत नाही. ज्या दिशेने भार येतो त्या दिशेने ती अधिक होते, म्हणून मूळचे वाटोळे भोक अंडाकृती होते. मिस्त्री म्हणतात, ‘प्ले आला.’

येथे खाणमालक आणि मिस्त्री यांच्यात ठरलेला संवाद होतो. मालक म्हणतो, “मिस्त्री, मशीन चालतेय ना? मग पावसाळ्यापर्यंत ढकला.” मिस्त्री म्हणतो, “शेठ, आज बुशवर भागेल. पावसाळ्यापर्यंत बूम जाईल.” मालक निष्काळजी असतो असे नाही. यंत्र बहुधा कर्जाचे असते. यंत्र थांबले तरी हप्ता थांबत नाही. डंपर रिकामे उभे राहतात आणि खडीच्या क्रशरला दगड मिळत नाही. तथापि मिस्त्रीचे म्हणणे भूमितीला धरून असते. बूमच्या मुळाशी एक मिलिमीटरचा खेळ आला, तर कित्येक मीटर दूर असलेल्या बकेटच्या दातांशी तो अनेक पटींनी वाढतो. मग दर घावाला पिन भोकाच्या काठावर हातोड्यासारखी आदळते, कानाच्या बुडाशी बारीक चीर जाते, आणि ती चीर कोणत्या दिवशी फाकेल हे कोणी सांगू शकत नाही. त्या हाताच्या टप्प्यात चालक, हेल्पर आणि डंपरवाले वावरत असतात. तेव्हा हिशेब केवळ पैशांचा राहत नाही.

यंत्र कारखान्यात न्यावे म्हटले, तर पट्ट्यांवर चालणारा हा वीस टनांचा देह स्वतः रस्त्याने जात नाही. त्याला ट्रेलर लागतो. नाही तर बूम उतरविण्यास क्रेन लागते. चंद्रपूरसारख्या कोळसाक्षेत्रात खाणींची स्वतःची मोठी कार्यशाळा असते. शहापूर-मुरबाडकडच्या एकदोन यंत्रांच्या खाणीला ते वैभव कोठले? म्हणून कारखानाच यंत्राकडे येतो. एका छोट्या टेम्पोत पोलादी दांडा, त्याला फिरविणारी मोटार, दांड्याचे आधार, वेल्डिंगचा संच, जनित्र आणि मापनाची साधने एवढा हा कारखाना. या कामास ‘लाईन बोअरिंग’ म्हणतात.

त्यामागील तत्त्व अडीचशे वर्षांचे आहे. जेम्स वॉटच्या वाफेच्या यंत्राची कल्पना अचूक होती. पण त्यास लागणारे सिलिंडर कोणाला नीट वाटोळे कोरता येईना. जॉन विल्किन्सन या इंग्रज लोखंड-कारखानदाराने १७७५ च्या सुमारास कोरणारा दांडा सिलिंडरमधून आरपार नेला आणि त्यास दोन्ही टोकांना आधार दिला. एकाच टोकाशी धरलेला दांडा लवतो. दोन्हीकडे धरलेला सरळ राहतो. त्याने कोरलेल्या पन्नास इंची सिलिंडरात जुन्या शिलिंगच्या जाडीइतकीही चूक नव्हती, असे वॉटचा भागीदार बोल्टन याने लिहून ठेवले. वाशिंदच्या माळावर बूमच्या दोन कानांतून जो दांडा ओवला जातो, तो या दांड्याचाच वंशज होय.

पण दांडा ओवणे सोपे. तो कोठे ओवावा हे ठरविणे कठीण. या विद्येचे मर्म येथे आहे. भोक झिजून एका बाजूस सरकलेले असते. त्या झिजलेल्या भोकाच्या मध्यावर दांडा बसविला तर नवे भोक सुबक होईल, चकचकीत होईल, आणि चुकीच्या जागी होईल. खरी मध्यरेषा नाहीशी झालेली असते. ती शोधून काढावी लागते. भाराची बाजू झिजली तरी आडव्या बाजू पुष्कळशा शाबूत असतात. काठाजवळ मूळ कडेचा एखादा अंश उरतो. समोरचा कान कमी झिजलेला असतो. या साक्षीदारांच्या जबान्या ताडून पाहत मिस्त्री दांड्याचे आधार पुनःपुन्हा सरकवितो, मापतो आणि मगच ते पक्के करतो. या कामात अर्धा दिवस जातो आणि पाहणाऱ्यास वाटते की काहीच चाललेले नाही.

त्याआधीही तयारी असते. यंत्र सपाट जागी उभे करावे, हात टेकून त्याखाली भक्कम ठोकळे द्यावेत, तेलाचा दाब उतरवावा आणि बॅटरी तोडावी. नंतर अंडाकृती भोक थोडे कोरून वाटोळे करतात, कान तापवितात आणि वेल्डिंगने आतून धातूचे थर चढवितात. वेल्डिंगची अर्थची तार कामाच्या अगदी जवळ लावावी लागते. ती दूर लावली तर वीज यंत्राच्या फिरत्या बैठकीच्या छऱ्यांतून वाट काढते आणि त्यांवर कायमचे व्रण उठविते. एक सांधा बरा करताना दुसरा रोगी होतो.

मग थांबणे. तापलेले पोलाद फुगलेले असते. दहा सेंटिमीटरचे भोक साठ अंशांनी गरम असेल, तर त्याचा व्यास सुमारे सात शतांश मिलिमीटरने वाढलेला असतो. अशा वेळी घेतलेले माप खोटे. कान निवाल्यावरच दांडा फिरू लागतो. पहिले काप जाड, पुढचे बारीक, शेवटचा अगदी झिरझिरीत. शेवटी नवी बुश हातोड्याने ठोकून न बसविता सुक्या बर्फात गारठवितात. शंभर अंशांनी थंड झालेली नऊ सेंटिमीटरची बुश सुमारे एक दशांश मिलिमीटर आकसते, अलगद आत सरकते आणि निवळल्यावर घट्ट धरून बसते.

याला एक आडवाट आहे. भोकात वेल्डिंगची भर घालावी, ग्राइंडरने हाताने घासावी आणि पिन ठोकून बसवावी. हे काम एका संध्याकाळी होते आणि स्वस्तही पडते. परंतु हाताने घासलेले भोक ना वाटोळे असते ना एका रेषेत. पिनला चार ठिकाणीच टेका मिळतो, सारा भार त्या चार ठिकाणांवर येतो आणि झीज पूर्वीपेक्षा वेगाने होते. पुढच्या खेपेस मध्यरेषेची उरलीसुरली साक्षही पुसली गेलेली असते. स्वस्त दुरुस्ती चांगल्या दुरुस्तीची वाट अशी बुजवून टाकते.

म्हणून या कामात यंत्राइतकेच महत्त्व माणसाला आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत फिटर, टर्नर आणि वेल्डर हे तीन निरनिराळे व्यवसाय शिकविले जातात. खाणीच्या तोंडाशी ते तिन्ही एकाच जोडीच्या हातांत एकवटावे लागतात, आणि त्यांवर संयमाची जोड द्यावी लागते. खाणी व कारखाने जवळ असलेल्या शहापूर-मुरबाडकडील तरुणाला ही विद्या घरापासून फार दूर न जाता पोट भरण्याचे साधन देऊ शकते. त्यासाठी जुन्या मिस्त्रीने हाताखालच्या पोराला केवळ पाने उचलून देण्यास न ठेवता आधार सरकविताना आणि माप घेताना शेजारी उभे केले पाहिजे. मध्यरेषा शोधण्याची दृष्टी पुस्तकातून येत नाही. ती नजरेखालून नजरेत उतरते.

मालकाच्या वाट्याला यापेक्षा सोपे काम आहे. कामास लागण्यापूर्वी रोज प्रत्येक सांध्यात ग्रीस भरले जाते की नाही हे त्याने स्वतः पाहावे, आणि बुश खडखडू लागताच मिस्त्रीला बोलवावे. बुश झिजण्यासाठीच केलेली असते. तिला वेळेवर बदलले तर बूमच्या कानाला धक्काही लागत नाही. यंत्र खाणीत थांबविण्याचा दिवस मालकाने निवडला नाही, तर तो दिवस यंत्र निवडते. आणि त्या घटकेला त्याच्या हाताखाली कोण उभे आहे, हे ते पाहत नाही.