आघात सोसलेले तरुण आणि आपण



या व्यासपीठावरून आजवर मोठमोठे पंडित बोलून गेले आहेत. आम्ही त्यांच्या पंक्तीला बसणारे नव्हे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण सोलापूरच्या यंत्रमागांवर, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा मानसशास्त्राचा शास्त्रोक्त ऊहापोह आमच्याकडून व्हायचा नाही. जे डोळ्यांनी पाहिले, जे हातून चुकले आणि चुकल्यावर जे वाचून समजून घेतले, तेवढेच आपणांपुढे ठेवणार आहोत.

संकट आले की आपला समाज धावतो, हे नाकारण्याचे कारण नाही. पहिल्या दहा दिवसांत भाकरी येते, कपडे येतात, भांडी येतात. पण ज्या तरुणाचे आईबाप एका रात्रीत गेले, त्याचा खरा प्रश्न दहाव्या दिवशी नसतो. तो दहाव्या महिन्यात असतो. तोवर मंडप उठलेला असतो आणि गाड्या परत गेलेल्या असतात. आजचे आमचे बोलणे या दहाव्या महिन्याविषयी आहे.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. गणपती विसर्जन करून माणसे नुकती झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांत धरणी हादरली. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी ही नावे त्या दिवशी साऱ्या देशाला कळली. बावन्न गावे होत्याची नव्हती झाली. सरकारी मोजणीत जवळजवळ आठ हजार माणसे दगावली. नुसत्या भूकंपाने नव्हे, घरांनी ही माणसे मारली. दगडमातीच्या दोन-दोन, तीन-तीन फूट रुंद भिंती आणि वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच घर झोपलेल्या माणसांवर कोसळले.

आम्ही तेव्हा तेवीस वर्षांचे होतो. युनियनने सोलापुरातून चादरी आणि भाकरी भरून एक ट्रक सास्तूरकडे नेला, त्यावर आम्ही होतो. पाऊस पडत होता आणि चिता पेटत नव्हत्या. त्यापलीकडचे वर्णन आम्ही करणार नाही. का करणार नाही, ते पुढे ध्यानात येईल.

त्यानंतर दोन महिन्यांनी त्याच भागातला एक अठरा वर्षांचा मुलगा मामाबरोबर सोलापुरात आला. आईबाप आणि थोरला भाऊ गेलेले. मागे राहिली ती चौदा वर्षांची बहीण. मामा कारखान्यात कामाला होता. त्याने पोराला आमच्यापुढे उभे केले आणि म्हणाला, "याला कुठंतरी चिकटवा." त्याच सुमारास आम्ही भूकंपग्रस्तांसाठी निधी गोळा करीत होतो. आम्हाला वाटले, सभेत या मुलाच्या तोंडून दोन शब्द आले तर लोकांच्या काळजाला भिडतील. त्याची इच्छा आम्ही विचारली नाही. त्याला व्यासपीठावर चढवला. तो चार वाक्ये बोलला आणि अडकला. खाली बायका रडू लागल्या. झोळी फिरली, त्या संध्याकाळी चांगली रक्कम जमली. आम्हाला धन्यता वाटली.

दुसऱ्या दिवशी मुलगा नाहीसा झाला. तिसऱ्या दिवशी तो एसटी स्टँडवर बाकाखाली झोपलेला सापडला. आम्ही रागावलो, तेव्हा तो एवढेच म्हणाला, "दादा, ते पुन्यांदा सांगाया लावू नका. म्या काम शिकाया आलोय."

मंडळी, तीस वर्षे आम्ही मालकांना सांगत आलो की माणूस म्हणजे कच्चा माल नव्हे. आणि इथे आम्हीच एका पोराच्या दुःखाचा कच्चा माल करून त्यावर निधी काढला होता. ती चूक आमच्या पदरची आहे. ती इतरांच्या हातून होऊ नये, म्हणून आज ती चारचौघांत सांगतो.

पुढे वाचन वाढले, तेव्हा कळले की आमच्यासारखीच चूक शहाण्यासुरत्यांनीही केली होती. संकटानंतर लगेच माणसाला बसवून घडलेले सगळे वदवून घ्यावे, म्हणजे मन मोकळे होते, अशी समजूत पुष्कळ वर्षे होती. नंतर अभ्यास झाले आणि असे एकदाच बसवून वदवून घेतल्याने पुढचा त्रास टळत नाही, असे दिसून आले. जागतिक आरोग्य संघटनेनेही ही पद्धत वापरू नये असे सांगितले. २०११ साली याच संघटनेने इतर संस्थांबरोबर क्षेत्रात काम करणाऱ्यांसाठी एक छोटी पुस्तिका काढली. तिचे सार तीन शब्दांत येते : पाहा, ऐका, जोडून द्या. ऐका म्हणजे तो बोलेल तेव्हा ऐका. खोदून विचारू नका. जोडून द्या म्हणजे त्याच्या माणसांशी, त्याच्या गरजेच्या सेवांशी त्याची गाठ घालून द्या.

आता त्या मुलाची हकीकत पुरी करतो. त्याला आम्ही मागांच्या शेडमध्ये नेला. ज्यांनी यंत्रमाग पाहिले आहेत त्यांना ठाऊक आहे : वीस-पंचवीस माग एकदम चालू झाले की पायाखालची फरशी थरथरते. आम्हाला त्याचे काहीच वाटत नसे. या मुलाने फरशीची ती थरथर पायाला लागताच बाहेर धूम ठोकली. कामगार हसले. एका जुन्या विणकराने मात्र हसणाऱ्यांना गप्प केले. तो म्हणाला, "त्याचं अंग अजून त्या रात्रीतच आहे." वैद्यकाची पुस्तके न वाचलेल्या त्या माणसाने जे सांगितले, तेच पुढे आम्हाला पुस्तकांत सापडले. मोठ्या आघातानंतर शरीर सतत पहाऱ्यावर राहते. झोप उडते, लहानशा आवाजाला माणूस दचकतो, उगाच चिडतो, नाही तर दगडासारखा गप्प होतो. हा भित्रेपणा नव्हे आणि आळसही नव्हे.

मग आम्ही काय केले? काही थोर केले नाही. त्याला आधी कांड्या भरण्याच्या कामावर ठेवला. ती खोली मागांपासून दूर होती. त्याची बसायची जागा दारापाशी केली आणि दार उघडे ठेवले. पहाटे चारला त्याला जाग येई आणि पुन्हा झोप लागत नसे, म्हणून रात्रपाळी दिली नाही. मालकाने कुरकुर केली. आम्ही ती ऐकून घेतली आणि आपले म्हणणे सोडले नाही. मजुरी इतरांइतकीच मागून घेतली. शेजारच्या एक तेलुगू विणकर बाई रोज त्याच्यापुढे भाकरी ठेवीत आणि एक शब्द विचारीत नसत. सहा महिन्यांनी तो आपण होऊन मागाजवळ येऊन उभा राहिला. पहिली गोष्ट शिकला ती तुटलेला धागा जोडण्याची. ती विद्या बोटांची आहे, तोंडाने शिकवता येत नाही. आणखी एक गोष्ट झाली. ३० सप्टेंबरला त्याला सुटी द्यायची आणि कारण विचारायचे नाही, असे शेडमधल्या माणसांनी आपसांत ठरवले. ठराव नाही, कागद नाही. त्या दिवशी त्याचे माग दुसरे कोणी तरी सांभाळी.

इकडे मामाने बहिणीचे लग्न जमवायला घेतले होते. चौदाव्या वर्षी! संकटातल्या मुलीच्या बाबतीत आपल्याकडे पुनर्वसन म्हणजे लग्न, असा सोपा हिशेब असतो. भाऊ आडवा आला. "तिच्या शाळेचं मी बघतो," असे तो मामाला म्हणाला. हे म्हणण्याचे बळ त्याच्या अंगी कोठून आले? आमच्या सभेने ते दिले नव्हते, महिन्याच्या मजुरीने दिले होते. बहीण वसतिगृहात राहून शिकली, पुढे परिचारिका झाली.

२००७ साली हॉबफॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरच्या अनुभवांतून संकटानंतरच्या मदतीची पाच सूत्रे मांडली : सुरक्षितता, मनाची शांतता, आपल्या आणि आपल्या समूहाच्या हातून काही घडू शकते हा विश्वास, माणसांशी नाते आणि आशा. आम्ही ती वाचली तेव्हा तिसऱ्या सूत्रावर बोट ठेवून थांबलो. कामगार संघटना तरी दुसरे काय सांगते?

त्या भूकंपानंतर महाराष्ट्रात याच जाणिवेची मोठी कामेही झाली. भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्था यांनी सुमारे १,२०० मुलांना पुण्यात आणून, वाघोलीला त्यांच्या राहण्याची आणि शिक्षणाची व्यवस्था केली. राष्ट्र सेवा दलाच्या पन्नालाल सुराणांनी नळदुर्गजवळ 'आपलं घर' उभे केले. दोन्ही ठिकाणी मदत दहा दिवसांची नव्हती, मुले मोठी होईपर्यंतची होती. आमच्या मते मर्म तेच आहे.

येथे एक इशारा दिला पाहिजे. काम औषध आहे म्हणताच काही लोकांचे डोळे चमकतात. पाठीशी कोणी नसलेले पोर स्वस्तात मिळते, त्याच्या वतीने भांडायला कोणी येत नाही. तसले काम औषध नव्हे, दुसरा आघात आहे. अठरा वर्षांखालच्या मुलावर पहिला हक्क शाळेचा. आणि सगळेच दुखणे काम व माया यांनी बरे होते असेही नव्हे. महिन्यांमागून महिने झोप नाही, तीच दृश्ये डोळ्यांपुढे येतात, जीव नकोसा होतो किंवा दारूची वाट धरली जाते, तेव्हा डॉक्टर गाठलाच पाहिजे. २०२२ पासून सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते. तापाला डॉक्टर चालतो, मग मनाला का चालू नये?

हे सगळे आज का सांगायचे? माळीण २०१४ साली गाडले गेले, इरशाळवाडी २०२३ साली. २०२० आणि २०२१ च्या कोरोनाने किती घरे पोरकी केली, ते आपल्या आळीतही दिसेल. दोन्ही पालक गेलेल्या मुलांच्या नावे राज्य सरकारने २०२१ साली पाच लाखांची ठेव ठेवण्याची योजना केली. ती मुले आता एकेक करून अठरा वर्षांची होत आहेत. ठेव बँकेत असते. पण घरभाड्यासाठी जामीन कोण राहणार, नोकरीच्या अर्जावर ओळख कोणाची घालायची, आजारपणात उशाशी कोण बसणार? २०१५ च्या बाल न्याय कायद्यात बालगृहातून बाहेर पडणाऱ्या तरुणांना अठरानंतरही साहाय्य देण्याची तरतूद आहे, त्यांच्यासाठी अनुरक्षण गृहे आहेत. महाराष्ट्राने २०१८ साली अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत एक टक्का आरक्षण दिले. हे हक्क आहेत, भीक नव्हे. पण हक्क कागदावरून माणसापर्यंत चालत जात नाही. त्याला कोणीतरी हात धरून न्यावे लागते.

तेव्हा आपणांकडे तीन मागण्या आहेत. मागणी केल्याशिवाय भाषण संपवण्याची आम्हाला सवय नाही. ज्यांचे दुकान, कारखाना, छापखाना आहे, त्यांनी अशा एका तरुणाला पुऱ्या वेतनाची जागा द्यावी आणि पहिले वर्षभर त्याच्या चुका पोटात घालाव्यात. ज्यांना अर्ज-कचेऱ्या कळतात, अशा निवृत्त मंडळींनी एकेका मुलाचे कागद पुरे करून द्यावेत. आणि आपण सर्वांनी त्याला "तेव्हा काय झाले रे?" असे विचारू नये, "आज जेवलास का?" एवढे विचारावे.

तो मुलगा आज पन्नाशीला आला आहे. माग बंद पडले. आता त्याचे शिलाईचे छोटे दुकान आहे. तो पुरता बरा झाला, असे आम्ही म्हणणार नाही. भाद्रपदात गणपती उठले की तो आजही चार रात्री घरात झोपत नाही, अंगणात खाट टाकतो. बायको काही बोलत नाही. ती त्याच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवते आणि दार उघडे ठेवते.