हृदयातल्या स्टेंटचा जाब कोणाला विचारायचा?

(मंडळाच्या मेळाव्यातील भाषणाचा गोषवारा)



आपल्या आदिलाबादकडच्या घरात कुणाच्या छातीत दुखू लागले की पहिला प्रश्न असतो, नागपूरला न्यायचे की हैदराबादला? तिथे डॉक्टर स्टेंट घालायला सांगतात आणि आपण सही करतो. तो कोणी बनवला, कोणी तपासला, हे विचारायचे आपल्याला सुचतही नाही.

१९९० च्या दशकात हैदराबादेत एक चांगले काम झाले. संरक्षण संशोधनातले डॉ. अब्दुल कलाम आणि हृदयरोगतज्ज्ञ डॉ. सोमा राजू यांनी मिळून कमी किमतीचा देशी स्टेंट तयार केला. पोलिओग्रस्त मुलांच्या पायातले सुमारे तीन किलोंचे कॅलिपर क्षेपणास्त्राच्या हलक्या साहित्यातून सुमारे ३०० ग्रॅमचे केल्याची हकीकत तर कलामसाहेब स्वतः सांगत. सरकारी ज्ञान आणि दवाखान्यातला अनुभव एकत्र आले की गरिबाचे भले होते, ते असे.

पुढे २०१७ मध्ये संगारेड्डी जिल्ह्यात सुलतानपूरला राज्य सरकारने वैद्यकीय उपकरणांची वसाहत सुरू केली. तिथे खासगी कंपन्यांचे कारखाने आले, स्टेंटही बनू लागले. याचे स्वागतच आहे. पण भागीदारी म्हटली की हिशेब आला. कंपनीला नफा हवा, सरकारला गुंतवणूक हवी. तिसरा भागीदार जो रोगी, त्याच्या बाजूने कोण बोलणार?

औषध लावलेला स्टेंट लाखाच्या पुढे विकला जात होता. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने त्याची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली, तेव्हा तो खाली आला. उपकरणांसाठी वेगळे नियमही १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. त्यांत स्टेंट सर्वांत जोखमीच्या गटात मोडतो आणि त्याचा परवाना केंद्राकडून घ्यावा लागतो. १ एप्रिल २०२० पासून सर्वच वैद्यकीय उपकरणे कायद्याखाली आली.

पण परवाना मिळाला म्हणजे झाले असे नाही. काही दोष वर्षांनी दिसतात. त्यांची नोंद घेण्यासाठी २०१५ पासून गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाची यंत्रणा आहे. रोगी स्वतःही १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर तक्रार कळवू शकतो. आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक होते?

म्हणून दोन गोष्टी सांगतो. पहिली घरची : स्टेंट, कृत्रिम गुडघा, पेसमेकर, काहीही बसवले तरी त्याच्या वेष्टनावरची क्रमांकाची पट्टी मागून घ्या आणि फाइलमध्ये लावा. दुसरी गावची : मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारा, जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात अशी तक्रार मराठी, तेलुगू, गोंडी बोलणाऱ्या माणसाकडून कोण लिहून घेणार?

कापसाच्या बियाण्याची पिशवी आणि पावती आपण पीक हाती येईपर्यंत जपतो. उगवले नाही तर दुकानदारापुढे तीच ठेवतो. मग काळजात बसवलेल्या वस्तूची पावती का जपू नये?