1 फेब्रुवारी : तुटलेली बेडी आणि गिरमिट



आम्ही इतिहासाचे पंडित नव्हे. आमचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत आणि गावच्या वाचनालयात. तेव्हा आज एकाच तारखेविषयी बोलू. ती तारीख 1 फेब्रुवारी.

1835 साली या दिवशी मॉरिशस बेटावर गुलामगिरी कायद्याने संपली. मोझांबिक आणि मादागास्करहून धरून आणलेली माणसे आणि त्यांची मुलेबाळे, मिळून सुमारे 66 हजार जीव तेथे राबत होते. ब्रिटिश पार्लमेंटने सर्व वसाहतींसाठी 2 कोटी पौंड भरपाई मंजूर केली. कोणाला? मालकांना! ज्यांच्या पाठीवर वळ होते त्यांना छदामही मिळाला नाही. उलट उमेदवारीच्या नावाखाली त्यांना 1839 पर्यंत मालकाकडेच राबावे लागले. ती मुदत सरताच बहुतेकांनी उसाच्या मळ्यांकडे पाठ फिरवली.

परंतु मालक गाफील नव्हते. 2 नोव्हेंबर 1834 रोजी, म्हणजे बेडी तुटण्याच्या तीन महिने आधीच, ‘अ‍ॅटलस’ जहाजातून हिंदी मजूर पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले होते. पाच वर्षांचा करार, त्या ‘अ‍ॅग्रीमेंट’चे झाले गिरमिट. एक दिवस कामावर खाडा झाला तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई! मुंबई बंदरातून गेलेल्या मजुरांत जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातले पुष्कळ होते. आपले मालवण तेव्हा त्याच जिल्ह्यात. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो 1981 साली. मॉरिशसमध्ये आजही मराठी कुळे आहेत, आणि गणेशचतुर्थीला तेथे सार्वजनिक सुटी असते. याचा आपल्याला अभिमान वाटतो, आणि वाटावा. पण आपला गणपती तेथे गेला तो गिरमिटियाच्या गाठोड्यातून, हे विसरू नये.

यात आपल्या माणसाचा दोष नव्हता. तो पोटासाठी गेला. आफ्रिकी माणसाचाही नव्हता. एकाच्या सुटकेने आलेली तूट मालकाने दुसऱ्याच्या भुकेतून भरून काढली, इतकेच.

आता दुसरी 1 फेब्रुवारी. 1865 साली या दिवशी अमेरिकेत गुलामगिरीबंदीच्या घटनादुरुस्तीच्या ठरावावर लिंकनने सही केली. त्यानंतर 95 वर्षांनी, 1 फेब्रुवारी 1960 रोजी, ग्रीन्सबरो गावी चार काळे विद्यार्थी एका दुकानाच्या फराळाच्या टेबलापाशी बसले. त्या दुकानात त्यांना माल विकत मिळे, पण तेथे बसून खाण्याची मुभा नव्हती. दुसऱ्या दिवशी आणखी मुले आली. त्याच आठवड्यात काही गोऱ्या विद्यार्थिनीही त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. जुलैअखेर दुकानाला नमते घ्यावे लागले. सुटका कागदावर होते सहीने. प्रत्यक्षात होते ती शेजारी येऊन बसणाऱ्यामुळे.

मंडळी, आज देवगडच्या आंबाबागांत आणि किनाऱ्यावरच्या मासेमारी नौकांवर नेपाळातून आलेली माणसे राबतात. “हे आले आणि आमचा रोज पडला,” असे चहाच्या टपरीवर आमच्या कानी येते. आम्ही विचारतो, त्याला आणले कोणी? कोणत्या बोलीवर? त्याची मजुरी ठरवली कोणी? मॉरिशसच्या मळ्यात आपला पणजोबा उतरला तेव्हा त्याच्याकडेही लोक याच नजरेने पाहत असतील.

तेव्हा आमचे मागणे एवढेच, की युनियनच्या वहीत आपल्या नावाखाली त्या परक्या खलाशाचेही नाव लिहा. आपला रोज वाचायचा असेल तर त्याचा रोज आधी वाढला पाहिजे.