न उच्चारलेला शब्द
(द्रोणागिरी येथील युवा मेळाव्यातील भाषण)

दोस्तांनो, आधी एक खेळ. मी आठ शब्द म्हणतो, लिहून घेऊ नका: होडी, जाळे, लाट, भरती, मासळी, वाळू, किनारा, मीठ.

आता सांगा, यात ‘समुद्र’ होता का? ज्यांनी हात वर केले, त्यांनी लाजू नये. तो शब्द मी उच्चारलाच नव्हता. १९९५ साली रॉडिगर आणि मॅकडरमॉट या मानसशास्त्रज्ञांनी अशाच याद्या ऐकवल्या, तेव्हा यादीत नसलेला तो मुख्य शब्द लोकांनी सुमारे ४० टक्के वेळा ‘आठवून’ सांगितला.

असं का होतं? डोक्यात शब्द एकेकटे राहत नाहीत, त्यांचा मोहल्ला असतो. एका दारावर टकटक झाली की शेजारीही जागे होतात. १९७१ साली मेयर आणि श्वानेवेल्ट यांनी दाखवलं, की ‘ब्रेड’नंतर ‘बटर’ आला तर तो जास्त लवकर ओळखला जातो.

आपल्या घरांत तर दोन मोहल्ले आहेत. अब्बा म्हणायचे, “तालीम पूरी करो,” तेव्हा मला वही-पुस्तक दिसायचं. वर्गमित्र म्हणायचा, “तालमीत चल,” तेव्हा लाल माती. शब्द एकच, शेजार वेगळा.

आता गंभीर गोष्ट. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. भाषेची यंत्रंही शब्दांचा शेजार पाहूनच शिकतात. २०२१ साली अबूबकर आबिद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीपीटी-३ला ‘दोन मुसलमान आत शिरले’ अशा अर्थाचं अर्धवट इंग्रजी वाक्य १०० वेळा पूर्ण करायला दिलं. ६६ वेळा पुढे हिंसा आली. दुसऱ्या धर्माचं नाव घातलं की हे प्रमाण बरंच उतरायचं. यंत्राने हे कुठून आणलं? आपण माणसांनीच लिहिलेल्या मजकुरातून.

मग आपण काय करायचं? दोन गोष्टी. व्हॉट्सॲपवरची बातमी पुढे पाठवण्याआधी ती पुन्हा वाचा. जे आठवतंय ते खरंच लिहिलेलं होतं, की आपल्या मनाने भरलं? हे दुसऱ्यांबद्दलच्या बातमीलाही तितकंच लागू आहे. आणि दुसरी गोष्ट, मराठीत लिहा. मासेमारीवर, बंदरातल्या नोकरीवर, रस्त्यावर, पाण्यावर, आईच्या हातच्या जेवणावर, आपल्या नावाने लिहा. आपल्या नावाशेजारी कोणते शब्द राहतील, हे फक्त इतरांनी का ठरवावं?