दिल्लीचं ऊन आणि एक शेवाळी स्वेटर

(आपल्या मंडळाच्या तिळगूळ समारंभात केलेलं भाषण, किरकोळ दुरुस्त्यांसह)



कार्यवाहांनी मला सांगितलं, "हलकाफुलका विषय घ्या, जेवण तयार आहे." मागच्या बाजूने येणाऱ्या गुळाच्या पोळीच्या वासापुढे वक्त्याचं काय चालणार, हे मी जाणून आहे. म्हणून तुम्हा सर्वांच्या अंगावर आत्ता जो विषय आहे, तोच घेतला : थंडी. सभागृहात शिरल्याबरोबर डांबराच्या गोळ्यांचा वास आला आणि मनाला बरं वाटलं. वर्षभर ट्रंकेत झोपलेली मंडळी बाहेर आली आहेत!

मी दिल्लीत आलो डिसेंबर १९८८ मध्ये. पुण्याहून झेलम एक्स्प्रेसने निघालो. धुक्यामुळे गाडी इतकी रखडली, की आईने दिलेल्या दशम्या संपल्या, चटणी संपली आणि शेवटी धीरही संपला. मध्यरात्री नवी दिल्ली स्टेशनवर उतरलो, तेव्हा अंगात एक बिनबाह्यांचा स्वेटर होता. साताऱ्यात तो कडाक्याच्या थंडीसाठी पुरेसा समजला जाई. रिक्षावाल्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि काही न बोलता स्वतःजवळचं पोतं माझ्या गुडघ्यांवर टाकलं. दिल्लीने केलेलं माझं पहिलं स्वागत हे असं.

दुसऱ्या दिवशी भारत सरकारच्या एका कार्यालयात रुजू झालो. दुपारी जेवणाची सुट्टी झाली आणि पाहतो तर सगळा सेक्शन रिकामा! मला वाटलं, संप झाला. खाली येऊन बघितलं, तर राजपथाच्या, म्हणजे आताच्या कर्तव्यपथाच्या, बाजूच्या हिरवळीवर अर्धं केंद्र सरकार उन्हात पसरलेलं. कुणी डबे उघडून बसलेत, कुणी पत्ते कुटताहेत, कुणी वर्तमानपत्र तोंडावर घेऊन आडवे झालेत, शेंगांच्या टरफलांचे ढीग पडलेत आणि बायकांच्या हातात लोकर अन् सुया. आपण महाराष्ट्रातली माणसं. ऊन दिसलं की झाडाखाली जायचं, खिडकीला पडदा लावायचा, हीच आपली शिकवण. इथे लोक सावली सरकली की सतरंजी घेऊन उन्हाबरोबर सरकत होते.

आमच्या सेक्शनमध्ये एक ज्येष्ठ पंजाबी बाई होत्या. सगळे त्यांना दीदी म्हणत. त्यांनी पहिल्याच दिवशी मला जवळ बोलावलं, उभं केलं, आणि वीत लावून माझी छाती, खांदा, हात मोजले. मी ओशाळून गेलो. पंधरा-सोळा दिवसांनी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक शेवाळी रंगाचा, पूर्ण बाह्यांचा स्वेटर माझ्या टेबलावर आला. मी लोकरीचे पैसे विचारले. त्या रागावल्या.

मग एके दुपारी उन्हात बसल्या असताना त्यांनी सांगितलं. १९४७ मध्ये त्या दहा वर्षांच्या होत्या. घरदार रावळपिंडीकडे राहिलं आणि कुटुंब दिल्लीला किंग्जवे कॅम्पच्या तंबूत आलं. पहिला हिवाळा तंबूत. एका संध्याकाळी कुणीतरी अनोळखी माणूस रजई ठेवून गेला. पाच भावंडांनी त्या एका रजईत तो हिवाळा काढला. रजई देणारा पुन्हा कधी दिसला नाही, त्यामुळे परत करायची राहून गेली. "इसलिए हर साल एक स्वेटर बुन देती हूँ," त्या म्हणाल्या. "तुम भी किसी और को दे देना."

मी "हो हो" म्हणालो आणि स्वेटर अंगात चढवला. त्या वयात माणूस "हो" फार पटकन म्हणतो.

मंडळी, त्यानंतरची वर्षं मी दिल्लीचा हिवाळा शिकण्यात घालवली. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आमचा संसार सुरू झाला. पुण्या-मुंबईला घर बघताना आपण विचारतो, पाणी किती वेळ येतं, वारा खेळता आहे का. इथे पहिला प्रश्न, "धूप आती है?" आमच्या सौभाग्यवतींना पहिल्या वर्षी याचं हसू यायचं. दुसऱ्या वर्षी त्याच शेजारणींमध्ये खाटेवर बसून मटार सोलत होत्या आणि मला बजावत होत्या, "अहो, उन्हातून बाजूला सरका, कोथिंबिरीच्या वड्या वाळत घातल्यात."

भाजीबाजार तर या दिवसांत लग्नघर वाटतो. लालभडक गाजरं, तळहाताएवढ्या पानांचा पालक, मेथीच्या जुड्या, कोवळा मुळा, मोहरीची पानं. ती लाल गाजरं प्रथम पाहिली, तेव्हा आईला वाटलं, रंग लावलाय. ओल्या फडक्याने पुसून बघितली तिने! किसल्यावर दुधात तासभर आटवलेला तो हलवा खाल्ला आणि मग म्हणाली, "आपल्याकडची गाजरं काय मग नुसती कोशिंबिरीचीच."

हातगाडीवर शेंगांचा डोंगर आणि त्याच्या माथ्यावर धुमसतं मातीचं मडकं. शेंगा गरम राहाव्यात म्हणून ठेवलेलं ते मडकं लांबून एखाद्या छोट्या ज्वालामुखीसारखं दिसतं. निखाऱ्यांवर भाजलेली रताळी, वर लिंबू आणि मसाला, तिला इथे शकरकंदी की चाट म्हणतात. चांदनी चौकात फक्त थंडीत मिळणारी दौलत की चाट, म्हणजे दुधाचा नुसता फेस. तोंडात घातला की आहे म्हणेपर्यंत नाहीसा होतो. सरकारी नोकराच्या दौलतीचंही तसंच असतं, म्हणून मला तो पदार्थ विशेष जवळचा!

पिंजाऱ्याला इथे धुनिया म्हणतात. दिवाळीच्या आधी त्याच्या धुनकीचा टणत्कार गल्लीत घुमला, की रजया उसवायच्या, कापूस पिंजून घ्यायचा. आपली गोधडी मायेची खरी, पण जानेवारीत दिल्लीच्या रजईपुढे तिने हात टेकले. आणि १३ जानेवारीची लोहडी! शेजारचे लोक शेकोटीभोवती रेवड्या आणि शेंगा वाटतात, दुसऱ्या दिवशी आपण त्यांना तिळगूळ देतो. त्यांची रेवडी, त्यांचा गजक आणि आपली वडी, सगळ्यांत तेच तीळ अन् तोच गूळ. थंडीत अंगाला काय लागतं, हे सगळ्या प्रांतांच्या आज्यांना एकमेकींना न विचारता कळलेलं दिसतं.

१४ जानेवारी ही तारीख आली, की आपल्याला पानिपतही आठवतं. १७६० च्या नोव्हेंबरपासून अडीच महिने आपली माणसं इथून नव्वद किलोमीटरवर अडकून पडली होती. रसद तुटलेली, अंगावर दक्षिणेतले कपडे. त्या लढाईचे डावपेच आपण पुष्कळ चर्चिले आहेत. मला मात्र पहिल्या हिवाळ्यापासून एकच वाटत आलं आहे, या थंडीत उपाशीपोटी त्या रात्री कशा काढल्या असतील?

ही थंडी एवढी का, तर आपल्याकडे समुद्र लांब. समुद्र हवेला फार तापू देत नाही, फार गारठू देत नाही. दिल्लीला तो आधार नाही. त्यात पश्चिमेकडून येणारे झंझावात हिमालयात बर्फ टाकून पुढे गेले, की मागून तिकडचा कोरडा, बोचरा वारा सुटतो. ८ जानेवारी २००६ चा तो रविवार पुष्कळांना आठवत असेल. सफदरजंगला ०.२ अंश! सत्तर वर्षांतला नीचांक. सकाळी गवतावर आणि गाड्यांच्या टपांवर पांढरा थर होता. आमची मुलं तो बोटाने खरवडून "काश्मीर, काश्मीर" ओरडत होती. आमची तुळस मात्र त्या रात्री काळी पडली. तेव्हापासून ही दर वर्षी कार्तिकात तुळशीचं लग्न लावते आणि मार्गशीर्षात तिला जुन्या साडीचं पांघरूण घालते.

इथपर्यंत सगळं गोड गोड झालं. आता एक गोष्ट सांगतो, ती माझ्या कौतुकाची नाही.

निवृत्तीनंतर आम्ही नोएडाला फ्लॅट घेतला आणि मी सोसायटीचा सेक्रेटरी झालो. तोवर दिल्लीच्या हिवाळ्याला धुराचं ग्रहण लागलेलं होतं. एरवी धूर तापून वर निघून जातो. थंडीत रात्री जमीन लवकर गार होते, गार जड हवा खाली बसते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर कढईवरच्या झाकणासारखा येतो. वारा नसला की गाड्यांचा, कारखान्यांचा, शेतातल्या खुंटांचा, कचऱ्याचा सगळा धूर त्या झाकणाखाली. १ नोव्हेंबर २०१९ ला तर दिल्ली परिसरात आरोग्य आणीबाणी जाहीर झाली, शाळा बंद झाल्या. ज्या उन्हासाठी आम्ही सतरंज्या सरकवत होतो, ते ऊनच दिसेना.

मी तडफेने बैठक बोलावली आणि ठराव केला, सोसायटीच्या आवारात कुठेही शेकोटी पेटवायची नाही. ठराव योग्यच होता. गेटवरचे रखवालदार पालापाचोळा, खोकी, कधी प्लॅस्टिकही जाळत. तो धूर पहिल्या त्यांच्याच छातीत जात होता. टाळ्या पडल्या. नोटीस लागली. मी समाधानाने घरी आलो.

डिसेंबर उजाडला. त्या वर्षीची थंडी आठवा. ३० डिसेंबर २०१९ ला सफदरजंगला दिवसाचं कमाल तापमान ९.४ अंश होतं. १९०१ पासून डिसेंबरातला इतका गार दिवस नोंदलेला नव्हता. त्या रात्री आम्ही एका लग्नाहून परतलो. गाडीत हीटर, अंगात कोट. गेटवरचा रखवालदार, पन्नाशीचा, बुंदेलखंडातला माणूस, खुर्चीवर बसला होता. दोन्ही पाय पोत्यात घातलेले. उठायला गेला तर पाय पोत्यातून निघेनात, धडपडला. मी काच खाली करून विचारलं, असा का बसलास? तो म्हणाला, "आप ही ने तो मना किया है, साहब." त्यात तक्रार नव्हती. मी विचारलं, त्याने सांगितलं, एवढंच.

घरी आल्यावर बराच वेळ आम्ही दोघं काही बोललो नाही. बाल्कनीचं दार लावताना ही म्हणाली, "अहो, आपण तुळशीला पांघरूण घातलं. त्याची शेकोटी विझवली तेव्हा त्याला काय दिलं?"

उत्तर नव्हतं. आणि मग आठवलं ते पोतं. एकतीस वर्षांपूर्वी एका रिक्षावाल्याने माझ्या गुडघ्यांवर टाकलेलं. आठवल्या दीदी, आणि मी चटकन म्हटलेलं ते "हो".

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन विजेचे हीटर आणले, एकेक दोन्ही गेटांसाठी. पैसे सोसायटीच्या खात्यातून घ्यायचे, तर त्यावर चर्चा व्हायला आणखी एक महिना गेला असता. थंडी तोवर थांबणार नव्हती. दोन जाड कांबळी आणि कानटोप्या हिने नेऊन दिल्या. मी त्या माणसाची माफी मागितली. तो इतका संकोचला, की शेवटी आम्ही दोघंही हवामानावर बोलू लागलो.

आता तर प्रदूषणाच्या नियमांतच आहे, की हवा बिघडली की सोसायट्यांनी रखवालदारांना विजेचे हीटर द्यावेत, म्हणजे ते काही जाळणार नाहीत. नियम कागदावर आला. आपापल्या गेटवर तो आला का, हे आज घरी जाताना काच खाली करून एकदा बघा. केबिनचं दार बंद करून कुणी कोळशाची अंगीठी घेऊन बसला असेल, तर त्याला उठवा. बंद खोलीतला तो वायू झोपेतच माणसाला नेतो. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात.

शेवटी भगिनीवर्गाला एक नम्र सूचना. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण वाण लुटतो. आमच्या घरात गेल्या पस्तीस वर्षांतल्या स्टीलच्या वाट्या, चाळण्या आणि प्लॅस्टिकचे डबे मिळून एक छोटं दुकान चालेल! पुढच्या वर्षी वाण म्हणून प्रत्येकीला एक लोकरीची कानटोपी किंवा मोजे द्यावेत, आणि घेणारीने ते घरी न ठेवता आपल्या गेटवर, इस्त्रीवाल्याला, पहाटे दूध टाकणाऱ्याला द्यावेत. वाण लुटायचंच असतं. पुरुषवर्गाने नुसती टाळी न वाजवता पाकीटही काढावं.

दीदी आता नाहीत. तो शेवाळी स्वेटर अजून ट्रंकेत आहे. मला तो होत नाही, कारण माझ्या मापात त्यांनी मोजलेल्या वितीपेक्षा आता दोन विती जास्त भरतील. पण तो देऊनही टाकवत नाही. दर वर्षी ऊन दाखवतो आणि परत घडी घालून ठेवतो. द्यायचे ते दुसरे स्वेटर असतात. ते दर वर्षी एक, हा हिशेब मी उशिरा का होईना सुरू केला आहे. एकतीस वर्षांची थकबाकी आहे, सरकारी माणूस आहे, हप्त्याहप्त्याने फेडीन.

पोळ्या गार होण्यापूर्वी थांबतो. तिळगूळ घ्या, गोड बोला. उद्या रविवार आहे, ऊन पडलं तर सतरंजी घेऊन बाहेर या.