इंजिन बोटीच्या मापाचं हवं



आजच्या स्नेहसंमेलनात बक्षीस मिळालेल्या सर्वांचं मनापासून अभिनंदन. ज्यांनी खुर्च्या लावल्या, पडदा ओढला, वायरी जोडल्या, त्यांचंही तितकंच. माझा हात पिरंगुटच्या कारखान्यात इंजिनांवर बसला, आणि इंजिन झाकणाखालीच असतं. त्यामुळे पडद्यामागच्या माणसांकडे माझं लक्ष आधी जातं.

आपल्या मुळशी धरणाचं पाणी तुम्ही लहानपणापासून पाहता. ते बोगद्यातून आणि पुढे मोठ्या नळांतून सह्याद्रीखाली भिऱ्याला उतरतं. 1927 पासून तिथं त्यावर वीज तयार होते. तिथून ते कुंडलिकेत पडतं आणि कोलाड, रोहा करत रेवदंड्याला समुद्राला मिळतं. धरणाच्या पाण्याखाली आपल्यापैकी कित्येकांच्या पणजोबांची भातखाचरं आहेत. त्या जमिनींसाठी 1921 साली विनायकराव भुस्कुटे आणि सेनापती बापट यांच्याबरोबर मावळे शेतकरी सत्याग्रहाला बसले. ही आठवण ठेवूनच मी पुढचं सांगणार आहे, कारण आज ज्या कामाबद्दल सांगायचं आहे ते मी याच पाण्याच्या दुसऱ्या टोकाला, रेवदंड्याच्या खाडीत केलं.

तिथं एक जुनी सागवानी लाँच किनाऱ्यावर चढवून ठेवलेली होती. तीस फूट लांब. तिच्या इंजिनाचे सुटे भाग मिळेनासे झाले होते आणि मालक ती मोडीत काढायच्या विचारात होता. माझा आयटीआयपासूनचा मित्र त्याच भागातला, सुताराच्या घरातला. त्यानं मला बोलावून घेतलं. तो म्हणाला, "लाकडाचं मी बघतो, लोखंडाचं तू बघ. पण माझं काम तू तपासायचं आणि तुझं मी." मला आज तुम्हाला एवढंच सांगायचं आहे, की मित्र असा जोडा जो तुमचं काम तपासेल, आणि गरज पडली तर थांबवेल.

आम्ही सुरुवात लाकडापासून केली. मित्र लहान हातोडी घेऊन एकेक फळी वाजवत गेला. चांगलं लाकूड खणखणीत वाजतं, कुजलेलं बद्द वाजतं. जिथं आवाज बद्द आला तिथं खडूची खूण. मग तीच हातोडी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "आता तू वाजव." खुणा जुळल्यावरच त्यानं पटाशी उचलली. कुजलेल्या फळ्या गेल्या, नव्या बसल्या, फटींत कापसाची वात ठोकून भरली. इंजिन ज्या तुळयांवर बसतं त्या तर पूर्ण बदलल्या. खालचा आधार थरथरत असेल तर वर कितीही उत्तम इंजिन ठेवा, काही उपयोग नाही.

मग इंजिनाचा प्रश्न आला. मालकाचा आग्रह होता की दुप्पट ताकदीचं इंजिन बसवा, लाँच दुप्पट पळेल. हे बहुतेकांना खरं वाटतं. पण पाणी कापत जाणारी बोट स्वतःच लाट उठवते आणि वेग वाढला की त्या लाटेतच अडकते. विल्यम फ्राउड या इंग्रज अभियंत्यानं 1870 च्या दशकात बोटींच्या छोट्या प्रतिकृती टाकीतल्या पाण्यातून ओढून पाण्याच्या या विरोधाचा अभ्यास केला. अशा बांध्याची, पाण्याच्या रेषेवर तीस फूट भरणारी बोट सुमारे सव्वासात नॉटपर्यंत, म्हणजे तासाला तेरा-साडेतेरा किलोमीटरपर्यंत सुखानं जाते. त्यापुढे डिझेल भराभर जळतं, वेग मात्र जेमतेम वाढतो. मित्रानं मालकाला ते दोन वाक्यांत सांगितलं, "काका, लाट मोठी निघेल, बोट नाही पळणार. तुमचे पैसे वाचवतोय आम्ही." आम्ही बोटीच्या मापाचं इंजिन घेतलं, त्याला शोभेल असा गिअरबॉक्स लावला आणि बोटीला ढकलणारा पाण्यातला पंखाही नव्यानं निवडला. जुनं इंजिन हळू फिरणारं होतं, नवं जलद फिरणारं. जुनाच पंखा ठेवला असता तर दोघांचं जमलं नसतं. नवं इंजिन वजनालाही हलकं, म्हणून लाँच समतोल तरंगावी यासाठी डिझेलच्या टाकीची जागा बदलावी लागली.

सगळ्यात नाजूक काम शेवटी होतं. गिअरबॉक्सची आणि पंख्याच्या शाफ्टची चकती एकमेकींना अगदी समोरासमोर बसली पाहिजे. फटीत फिलर गेजची पातळ पट्टी घालून वर, खाली, डावीकडे, उजवीकडे असं मोजायचं. शंभर मिलिमीटरच्या चकतीला फरक साधारण 0.1 मिलिमीटरच्या आत हवा. हे माप किनाऱ्यावर कितीही बरोबर आलं तरी शेवटचं धरत नाहीत. लाकडी बोट पाण्यात गेली की फळ्या फुगतात, बांधा किंचित बदलतो. म्हणून ती तरंगू द्यायची, लाकडाला पाणी पिऊ द्यायचं आणि मग पुन्हा मोजायचं. भरतीला लाँच पाण्यात उतरली तेव्हा किनाऱ्यावर नारळ फुटले, सगळ्यांना फेरी मारायची घाई झाली. मित्र इंजिनाच्या चावीवर हात ठेवून उभा राहिला. "लाकूड फुगू दे. तू परत मोजल्याशिवाय चावी फिरणार नाही." लाकूड मुरल्यावर मी पुन्हा मोजलं, बोल्ट सैल करून इंजिनाखाली पत्र्याच्या पातळ पट्ट्या घातल्या, आणि त्यानं स्वतः गेज फिरवून खात्री केली. मगच इंजिन सुरू झालं.

मोठी कामंही अशाच जोडीनं होतात. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात 'म्हादई' ही शिडाची बोट बांधली गेली. जी बोट घेऊन एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करायची, तिच्या बांधणीतच नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे उतरले. भर समुद्रात काही बिघडलं तर तिथं कारागीर कुठून आणणार? बोटीचा सांधा न् सांधा आपल्याला माहीत हवा. 19 ऑगस्ट 2009 रोजी ते मुंबईहून निघाले आणि मे 2010 मध्ये परतले. एकट्यानं शिडाच्या बोटीतून प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. पुढे 2012-13 मध्ये त्याच 'म्हादई'तून अभिलाष टॉमी कुठेही न थांबता एकट्यानं जाऊन आले. आणि मुलींनो, त्याच कारखान्यात बांधलेल्या 'तारिणी'तून 2017-18 मध्ये वर्तिका जोशींच्या नेतृत्वाखाली नौदलाच्या सहा महिला अधिकारी पृथ्वीला वळसा घालून आल्या. एकट्याच्या प्रवासामागेसुद्धा बांधणाऱ्याचे आणि चालवणाऱ्याचे हात एकत्र लागलेले असतात.

परीक्षेत तुमचा पेपर दुसऱ्याला दाखवता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण पुढे कामाला लागाल तेव्हा काम दाखवायला लाजू नका. दुसऱ्यानं चूक काढली तर राग धरू नका, आणि मित्राचं चुकत असेल तर त्याला वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका. तुमच्याहून वेगळं काही येणाऱ्याशी मैत्री करा. विज्ञानवाल्यानं कॉमर्सवाल्याशी, हिशेब जमणाऱ्यानं हात चालणाऱ्याशी.

तुमच्याकडे माझं एक मागणं आहे. या उन्हाळ्यात गावातली बंद पडलेली एखादी वस्तू हेरा. शेतावरचा पंप असेल, भाताच्या गिरणीची मोटर असेल, शाळेतलं जुनं शिलाई मशीन असेल. दोघांनी मिळून ती उघडा. जाणत्या माणसाला सोबत घ्या, विजेची जोडणी आधी बंद करा. एकानं दुरुस्त करायचं, दुसऱ्यानं तपासायचं, मग पुढच्या कामात जागा बदलायच्या. पुढच्या स्नेहसंमेलनात त्या वस्तू इथं व्यासपीठासमोर चालू करून दाखवा. प्राचार्यांनी परवानगी दिली, तर त्या जोड्यांच्या बक्षिसांचा खर्च मी करेन. बक्षिसावर नावं मात्र दोघांची लिहायची.