निवृत्तीचे शिक्षण पगारी वेळेत हवे



निवृत्तीची तयारी म्हणजे शाल, श्रीफळ आणि निरोपाची भाषणे, अशी आपल्या कारखान्यांतील समजूत आहे. अलीकडे काही ठिकाणी त्यात अर्ध्या दिवसाच्या व्याख्यानाची भर पडली आहे. व्याख्याता बहुधा गुंतवणुकीच्या योजना विकणारा असतो. त्याला मी शिक्षण म्हणत नाही.

1995च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेचेच पाहा. किमान दहा वर्षांची सेवा आणि वयाची 58 वर्षे ही तिची मूळ अट. कंत्राटी कामगाराची दहा वर्षे चार कंत्राटदारांकडे विखुरलेली असतात. काम सुटले की त्याने निवृत्तिवेतन-निधीतील रक्कम काढून घ्यावी आणि तिच्याबरोबर तेवढी सेवाही पुसली जावी, हे वर्षानुवर्षे घडत आले. रक्कम न काढता योजना-प्रमाणपत्र घेतले असते तर ती सेवा पुढे जोडता आली असती. पण हे त्याला सांगणार कोण? मुलीच्या लग्नाला पैसे लागतात, हे खरेच. परंतु आपण काय गमावतो आहोत हे जाणून गमावणे निराळे. तसेच पन्नाशीनंतर पण 58च्या आत निवृत्तिवेतन सुरू केले, तर दर वर्षामागे 4 टक्के कपात होते आणि ती जन्मभर राहते. जिथे 2014 साली ठरलेले किमान निवृत्तिवेतनच दरमहा 1,000 रुपये, तिथे ही कपात क्षुल्लक नव्हे.

ग्रॅच्युइटीचा हिशेब तर फळ्यावर मांडण्याजोगा आहे. शेवटचे मूळ वेतन व महागाईभत्ता मिळून 26,000 रुपये, सेवा 30 वर्षे. वेतनाला 26ने भागा, 15ने गुणा, मग वर्षांनी गुणा : 4,50,000 रुपये. हे गणित कामगाराने स्वतःच्या हाताने करावे. (मी जन्मभर अर्थशास्त्र शिकवले; माझ्या निवृत्तिवेतनाच्या अर्जातील तीन चुका मात्र एका लिपिकाने दाखवल्या.)

कामगार शिक्षणाची कल्पना नवी नाही. केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ 1958 साली स्थापन झाले. उणीव आहे ती आपल्या संघटनांच्या आग्रहाची. वेतनवाढीसाठी आपण रस्त्यावर उतरलो, निवृत्तीचा विषय व्यवस्थापनाच्या सौजन्यावर सोडला.

म्हणून पुढील कराराच्या मागणीपत्रात बोनसच्या खालीच हे लिहा : पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकाला वर्षातून तीन दिवसांचा वर्ग, कामाच्या वेळेत, पगारी. एका दिवशी पत्नीलाही बोलवावे. विधवा निवृत्तिवेतनाचा अर्ज उद्या तिलाच भरायचा आहे. आणि कंत्राटी कामगारांना वयाची अट नको, त्यांचा वर्ग पहिल्या वर्षीच घ्यावा.